खाली बसवलेली गाडी आणि तिचे शॉकअप

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. गेल्या दिवाळीत त्याने एक जुनी मोटार विकत घेतली. तिच्या पहिल्या मालकाने हौसेने ती खाली बसवून घेतली होती. तुम्ही अशा गाड्या पाहिल्या असतील. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटे शिरतात, आणि गाडी रस्त्याला पोट घासत चालली आहे असे वाटते. दिसायला ती रुबाबदार दिसते, यात शंका नाही. परंतु पावसाळा सुरू झाला, रस्त्यांना खड्डे पडले आणि गाडी मागून दणदण वाजू लागली. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, एकदा त्या गाडीतून साताऱ्याला जाऊन आली आणि आठ दिवस कंबर धरून बसली. "मी एसटीने येईन, पण तुझ्या गाडीत पुन्हा बसायची नाही," असे तिने बजावले. तेव्हा भाचा माझ्याकडे आला.

"मामा, मिस्त्री म्हणतो मागचे दोन्ही शॉकअप गेले. नवे घालायचेत. कोणते घालू?"

प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. "अमुक कंपनीचे घाल" असे सांगून मला मोकळे होता आले असते. पण चांगल्या कंपनीचा शॉकअपसुद्धा चुकीच्या स्प्रिंगबरोबर घातला तर वर्षभरात जातो, आणि जाताना टायरही खातो. म्हणून तुमची गाडी खाली बसवलेली असेल, किंवा तशी करण्याचा तुमचा विचार असेल, तर खरेदीला जाण्यापूर्वी थोडे समजून घ्या.

प्रथम एक गैरसमज दूर करू. शॉक ॲब्सॉर्बर या शब्दाचा अर्थ धक्का शोषणारा असा होतो. आपण त्याला शॉकअप म्हणतो, काही ठिकाणी जंपरही म्हणतात. परंतु रस्त्याचा धक्का झेलण्याचे काम त्याचे नव्हे. ते काम स्प्रिंगचे. जुन्या ॲम्बॅसडरच्या मागच्या बाजूला पाटे होते, आजच्या बहुतेक मोटारींना गुंडाळी स्प्रिंगा असतात, काम तेच. चाक खड्ड्यातून वर उसळले की स्प्रिंग दबते आणि तो धक्का आपल्या पोटात साठवते. आता साठवलेली वस्तू परत द्यावीच लागते. दबलेली स्प्रिंग उलगडते, गरजेपेक्षा जास्त उलगडते, पुन्हा दबते. झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो, तशी गाडी हलत राहील. हे हलणे थांबवणे, हे शॉकअपचे खरे काम. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. दट्ट्या वरखाली होताना तेलाला त्या छिद्रांतून जबरदस्तीने जावे लागते. त्यात हालचालीची शक्ती खर्च होते आणि तिची उष्णता बनते. खराब रस्त्यावरून तासभर गाडी चालवल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, तो गरम लागेल. म्हणजे स्प्रिंग ही झोपाळा आणि शॉकअप हा झोपाळा थांबवणारा हात. ही जोडी आहे. जोडीतला एक बदलला आणि दुसऱ्याचा विचार केला नाही, की बिघाड आलाच.

आता गाडी खाली बसवली म्हणजे नेमके काय होते, ते हिशेबाने पाहू. हिशेब सोपा आहे, घाबरू नका. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला: जितके ओझे, तितकी स्प्रिंग दबते, ओझे दुप्पट तर दबणे दुप्पट. समजा, तुमच्या गाडीच्या एका कोपऱ्यावर ३०० किलो भार आहे, आणि तिथली स्प्रिंग १ सेंटिमीटर दाबायला २० किलो लागतात. तर नुसती गाडी उभी असताना ती स्प्रिंग १५ सेंटिमीटर दबलेली असेल. अशी गाडी मिनिटाला साधारण ७८ वेळा हलते. माणसाच्या चालण्याची लय याच्या आसपासची असते, म्हणून अशी हालचाल शरीराला फारशी बोचत नाही.

गाडी खाली घेतली की चाकाला वर जायला जागा कमी उरते. कमी जागेत तोच धक्का झेलायचा, तर स्प्रिंग कडक हवी. म्हणून गाडी खाली घेण्यासाठी बनवलेल्या स्प्रिंगा नुसत्या आखूड नसतात, त्या कडकही असतात. समजा, नवी स्प्रिंग ३० टक्के कडक आहे, म्हणजे १ सेंटिमीटरला २६ किलो. तोच ३०० किलो भार तिच्यावर ठेवला तर ती साडेअकरा सेंटिमीटरच दबेल. म्हणजे लांबी तीच ठेवली तर गाडी खाली जाण्याऐवजी साडेतीन सेंटिमीटर वरच येईल! तिला साडेतीन सेंटिमीटर खाली न्यायचे, तर स्प्रिंग मूळ लांबीपेक्षा सात सेंटिमीटर आखूड करावी लागेल. हा आकडा लक्षात ठेवा, त्यात पुढचे सगळे आले.

आता गाडी जॅकवर चढवा, किंवा चाक एखाद्या खोल खड्ड्यात लोंबकळते अशी कल्पना करा. मूळ शॉकअप उभ्या स्थितीपासून आणखी आठ सेंटिमीटर खाली उघडत होता असे धरू. तेव्हा जुनी स्प्रिंग पंधरातली आठ वजा जाता सात सेंटिमीटर तरी दबलेली राहत असे, म्हणजे आपल्या वाटीत घट्ट बसलेली. नवी स्प्रिंग त्याच शॉकअपवर घातली तर? ती सात सेंटिमीटर आखूड आहे. शॉकअप पूर्ण उघडला की तिच्यावर दाब शून्य! ती वाटीत सैल होते, फिरते, कधी जागा सोडते, आणि चाक पुन्हा जमिनीला लागताना "खट्" असा आवाज येतो. हा आवाज ऐकून पुष्कळ जण शॉकअप गेला असे समजतात. शॉकअप गेलेला नसतो, तो त्या स्प्रिंगसाठी फार लांब असतो.

दुसऱ्या टोकाला काय होते? शॉकअपच्या दांड्यावर रबराचा किंवा फोमचा एक ठोकळा असतो. त्याला बंप रबर म्हणतात. चाक फारच वर आले तर लोखंडावर लोखंड आपटू नये, म्हणून तो शेवटचा पहारेकरी. समजा, मूळ गाडीत या रबरापर्यंत पोहोचायला पाच सेंटिमीटर जागा होती. गाडी साडेतीन सेंटिमीटर खाली घेतली, उरली दीड. आता मागच्या सीटवर आई, वडील आणि डिकीत सामान, म्हणजे एका कोपऱ्यावर आणखी ८० किलो. २६ किलोच्या हिशेबाने गाडी तीन सेंटिमीटर बसेल. जागा होती दीड. अर्थात गाडी आता स्प्रिंगवर उभी नाही, बंप रबरावर उभी आहे! माझ्या बहिणीची कंबर कशाने दुखली, हे तुमच्या ध्यानात आले असेल. मूळच्या लांब शॉकअपचा दट्ट्या अशा गाडीत सदैव आपल्या नळीच्या तळाजवळ वावरतो. रबर चेपून गेले की तो तळावर आपटतो, झडपा फुटतात, तेल गळू लागते. मग मिस्त्री सांगतो, शॉकअप गेला. आणि आपण तसाच दुसरा आणून घालतो.

म्हणून शॉकअप निवडताना पहिला प्रश्न कंपनीचा नाही, लांबीचा आहे. गाडी फार तर २० ते २५ मिलिमीटर खाली असेल, तर पुष्कळ गाड्यांत मूळ लांबीचा चांगला शॉकअप चालून जातो. त्यापेक्षा जास्त खाली असेल, तर आखूड चालीचा, म्हणजे मुद्दाम खाली घेतलेल्या गाडीसाठी बनवलेला शॉकअप घ्यावा. मोठे कारखाने हा भेद आपल्या मालावर स्पष्ट लिहितात. बिल्स्टाइन या जर्मन कंपनीचे उदाहरण घ्या. तिचा बी४ हा मूळ शॉकअपच्या जागी घालायचा. बी६ हा मूळ उंचीच्या गाडीसाठी, पण अधिक दमदार. आणि बी८ हा आखूड, खाली घेतलेल्या गाडीसाठी. कोनी या डच कंपनीचे पिवळे शॉकअप कमीजास्त कडक करता येतात. आपल्याकडे गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली स्थापन झाली. मूळ उंचीच्या देशी गाड्यांचे शॉकअप अशा कंपन्यांकडून सहज मिळतात. नाव कोणतेही असो, दुकानदाराला विचारायचे ते हे: "हा मूळ उंचीसाठी आहे की खाली घेतलेल्या गाडीसाठी? किती मिलिमीटरपर्यंत?" त्याला उत्तर देता आले नाही, तर पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा क्रमांक उतरवून घ्या आणि कंपनीच्या यादीत पाहा. पण "सगळ्या गाड्यांना बसतो" हे उत्तर ऐकून पैसे काढू नका.

दुसरा प्रश्न जोराचा. स्प्रिंग कडक झाली की ती उलगडतेही जोराने. तिला आवरणारा हात तेवढा बळकट हवा. पण किती? इथे बहुतेक तरुण मंडळी चुकतात. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर शॉकअपही ३० टक्के कडक हवा असे वाटते. गणित तसे नाही. ते वर्गमुळाने चालते. ३० टक्के कडक स्प्रिंगला शॉकअपचा जोर सुमारे १४ टक्के वाढवला की पूर्वीचाच तोल राहतो. त्याहून फार कडक शॉकअप घातला तर गाडी हाताला घट्ट लागते, चालवणाऱ्याला बरे वाटते. पण बारीक खडबडीत रस्त्यावर चाक खाली यायलाच वेळ लावते. चाक हवेत राहिले तर ब्रेक कशाला धरणार? रस्त्यावर टेकलेला टायरच गाडी थांबवू शकतो, हे कधी विसरू नका. आणि शॉकअप मऊ पडला तर उलट होते: घाटातल्या वळणावर गाडी एकदा कलली की पुन्हा सावरायला उशीर करते. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची. म्हणून माझा सल्ला असा, की स्प्रिंग आणि शॉकअप एकाच कारखान्याने एकमेकांसाठी जुळवलेले, एकत्र संच म्हणून विकलेले घ्यावेत. हे जुळवण्याचे काम त्यांनी गाडी पळवून केलेले असते. आपण दुकानात उभे राहून ते करू शकत नाही.

तिसरा प्रश्न बांधणीचा. साध्या शॉकअपमध्ये नळीत नळी अशा दोन नळ्या असतात आणि त्यांत तेल व थोडी हवा असते. लांबच्या खराब रस्त्यावर हे तेल घुसळले जाऊन ताकासारखे फेसाळते. फेसातून दट्ट्या भरकन जातो आणि शॉकअप तात्पुरता निकामी होतो. त्यावर उपाय म्हणून हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरतात. त्याला आपण गॅसचा शॉकअप म्हणतो. दुसरी बांधणी एका नळीची. तिच्यात तेल आणि जास्त दाबाचा वायू यांच्यामध्ये सरकती चकती असते, त्यामुळे फेस होतच नाही आणि उष्णता थेट बाहेर जाते. असा शॉकअप १९५७ साली मर्सिडीज-बेंझच्या गाडीसाठी तयार झाला. तो उत्तम खरा, पण महाग असतो. आणि त्याच्या नळीला दगडाने पोचा पडला तर दट्ट्या अडकतो, कारण दट्ट्या त्याच नळीत फिरतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला दोन नळ्यांचा गॅस शॉकअप पुरेसा आहे.

आणखी एक प्रकार हल्ली फार दिसतो. शॉकअपच्या नळीवर आटे असतात आणि स्प्रिंगची वाटी फिरवून गाडी वरखाली करता येते. याला कॉइलओव्हर म्हणतात. सोय मोठी आहे. परंतु वाटी खाली फिरवत फिरवत स्प्रिंग सैल होईपर्यंत नेणे ही त्याची नेहमीची गत. कारखान्याने आखून दिलेल्या मर्यादेच्या खाली जाऊ नये. शिवाय कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत किंवा पावसाळी चिखलात त्या आट्यांत घाण बसते आणि दोन वर्षांनी वाटी फिरतच नाही. आटे घासून, ग्रीस लावून झाकून ठेवण्याची चिकाटी असेल, तरच हा प्रकार घ्या.

आता जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडी खाली आहे एवढे पाहून भागत नाही. ती खाली कशी केली, हे आधी पाहा. योग्य मार्ग म्हणजे तयार स्प्रिंगा. पण फुकटचा मार्गही आहे: ग्राइंडर घेऊन मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकायचा! यात काय बिघडते? स्प्रिंगचे सहा वेढे काम करीत असतील आणि एक कापला, तर ती २० टक्के कडक होते. तेही मोजून मापून नव्हे, होईल तेवढी. तिचे कापलेले टोक वाटीच्या घडणीत नीट बसत नाही. शॉकअप तोच लांबीचा राहतो, म्हणून ती चटकन सैल होते. त्याहून वाईट म्हणजे गॅसच्या ज्वाळेने स्प्रिंग तापवून ती खाली बसवणे. पोलादाला दिलेले पाणी त्याने उतरते आणि ती स्प्रिंग एक दिवस चालत्या गाडीत तुटू शकते. अशा स्प्रिंगवर कितीही भारी शॉकअप घाला, ते पैसे वाया गेले समजा. चाक काढून बॅटरीच्या उजेडात स्प्रिंगचे टोक पाहा. कारखान्याचे टोक सारखे आणि रंगवलेले असते. कापलेल्या टोकावर ग्राइंडरच्या रेघा आणि गंज दिसतो.

शॉकअपबरोबर आणखी काय बदलावे? पुढच्या बाजूला बहुतेक लहान गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने काढलेली ही रचना १९५० साली इंग्लंडमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत आली, आणि आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० पासून घरोघर पोहोचली. यात स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाचा खांब एकाच उभ्या तुकड्यात असतात. तो तुकडा एकदा उतरवला की वरचे रबरी माउंटिंग, त्यातले बेअरिंग, बंप रबर आणि धुळीची टोपी हे सगळे नवेच घालावे. मजुरी एकदाच पडते. खाली घेतलेल्या गाडीसाठी बंप रबर किती लांबीचे हवे, ते संचाच्या कागदावर लिहिलेले असते. काही ठिकाणी मूळ रबराचा एक भाग कापायला सांगतात. सांगितले असेल तरच, आणि सांगितले तेवढेच कापा. रबर अजिबात काढून टाकणे म्हणजे जिन्याचा कठडा काढून टाकणे होय.

लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट हलवून पाहा. अँटी-रोल बारच्या लिंक रॉडचेही तसेच. रबरी बुश बदलताना एक बारकावा आहे, आणि घाईच्या गॅरेजात तो हमखास राहून जातो. या बुशचे रबर आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. ते फिरत नाही, पिळले जाते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली टेकताच ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून बोल्ट प्रथम सैलसर लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, आणि मग नव्या उंचीवर ते पूर्ण आवळावेत. मिस्त्रीला हे आपण होऊन सांगा. तो जाणता असेल तर हसून म्हणेल, "साहेब, ते करणारच होतो." नसेल, तर तुमचे बुश वाचले.

हे काम घरच्या अंगणात करण्याचा मोह मात्र टाळा. वर हिशेब केला ती १५ सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग घ्या. बावीस किलोचे ओझे मीटरभर वर उचलायला जेवढी शक्ती लागते, तेवढी तिच्यात कोंडलेली असते. योग्य दाबयंत्राशिवाय वरचा नट सोडला तर ती सुटून हात मोडते, प्रसंगी जिवावर बेतते. आणि शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. डावा नवा आणि उजवा जुना असे केले तर ब्रेक लावताना गाडी दोन्ही बाजूंनी सारखी वागत नाही.

गाडी खाली आली की चाकांचे कोनही बदलतात. चाके वरून आत झुकतात. झुकाव एक अंशाने वाढला तर साठ सेंटिमीटर उंचीच्या चाकाचे वरचे टोक खालच्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर आत जाते, आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतो. त्याहून जास्त झीज चाकांची तोंडे आत-बाहेर वळल्याने होते. म्हणून काम झाल्यावर अलाइनमेंट करायचेच. आणि नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, यासाठी दोन-तीन आठवड्यांनी ते पुन्हा तपासायचे. आणखी एक गमतीची गोष्ट. गाडी जितकी खाली, तितकी ती वळणावर कमी कलते, असे सगळे मानतात. मॅकफर्सनच्या गाडीत मर्यादेबाहेर खाली गेले की उलटे होते. लोअर आर्म आडव्या रेषेच्याही पलीकडे वर चढतात, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनापेक्षाही झपाट्याने खाली जातो. मग कलण्याचा जोर वाढतो. म्हणजे फार खाली घेतलेली गाडी दिसते शर्यतीची, वळते मात्र मूळ गाडीपेक्षा वाईट.

ब्रेकचाही विचार करा. काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकला एक झडप असते. मागचा भाग खाली बसला की "गाडीत ओझे आहे" असे समजून ती मागच्या ब्रेकला जास्त जोर देते. गाडी खाली घेतली की ती कायमची फसते, आणि ओल्या रस्त्यावर मोकळ्या गाडीची मागची चाके आधी अडकून गाडी आडवी होऊ शकते. तुमच्या गाडीत अशी झडप असेल तर ती नव्या उंचीला जुळवून घ्या. पुढचे दिवेही पुन्हा नेमावेत.

आता आपल्या रस्त्यांकडे वळू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. त्याची पाठ इतकी सपाट असते, की अडीच मीटर अंतरावर चाके असलेली गाडी त्यावरून जाताना पोटाखालची जागा सुमारे साडेचार सेंटिमीटरच कमी होते. म्हणजे १६५ मिलिमीटर उंचीची गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली, तरी ती सावकाश सुखरूप पार होईल. पण गल्लीतला गतिरोधक हा नमुना पाहून कोण बांधतो? तो असतो हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्याच्यावर पोटाखालची जवळजवळ पूर्ण उंची खर्च होते. १५ सेंटिमीटरचा तसला उंचवटा मूळ गाडी अंग चोरून ओलांडते. १२५ मिलिमीटरवर आलेली गाडी त्यावर बसते. खाली असते इंजिनच्या तेलाची टाकी. तेव्हा गाडी किती खाली घ्यायची याचे माप मासिकातल्या चित्रात शोधू नका. आपल्या घरापासून ऑफिसपर्यंतचा सर्वांत वाईट गतिरोधक टेपने मोजा, गाडीत घरची माणसे बसवून पोटाखालची जागा मोजा, आणि मग ठरवा.

कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तेव्हा बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर हा प्रश्न निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा.

हे सगळे मी भाच्याला एका रविवारी सांगितले, आणि मग आम्ही दोघे त्याच्या मिस्त्रीकडे गेलो. चाके काढली. मागच्या दोन्ही स्प्रिंगा कापलेल्या होत्या. टोकांवर ग्राइंडरच्या रेघा स्पष्ट होत्या. एका बाजूचे बंप रबर फुटून निम्मे उरले होते, दुसऱ्या बाजूचे नव्हतेच. शॉकअप मूळ लांबीचे. ते पहिल्या दिवसापासून तळावर आपटत होते.

भाच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, जुळवलेल्या स्प्रिंगा आणि आखूड शॉकअप यांचा पूर्ण संच, गाडी २५ मिलिमीटर खाली, आणि त्याबरोबर आरटीओची विचारपूस. दुसरी, मूळ स्प्रिंगा, मूळ शॉकअप, नवी माउंटिंगे आणि रबरे. पहिली वाट चुकीची नव्हती. पण तिला जवळजवळ अडीचपट खर्च होता. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, गाडी घेतली ती आईला फिरवायला. तीच बसत नसेल तर रुबाब कोणाला दाखवू?"

गाडी चार बोटे वर आली. बोल्ट जमिनीवर आवळले, अलाइनमेंट केले. पुढच्या शनिवारी आम्ही तिघे साताऱ्याला निघालो. कात्रज मागे पडले तोवर बहीण पुढची सीट घट्ट धरून बसली होती. खंबाटकीचा घाट आला, तेव्हा भाच्याने आरशात पाहून मला खूण केली. मी मागे वळून पाहिले. ती शालीत डोके खुपसून शांत झोपली होती.